बाळाचा डबा

मावशी कुणाच्या घरी रिकाम्या हाताने गेली, असं वरच्या गल्लीत कुणी पाहिलेलं नव्हतं. त्यातून कुणाकडे बाळ झालं असेल तर विचारायलाच नको. आई आणि बाळ दवाखान्यातून घरी येण्याआधी मावशीचा डबा त्या घराच्या खिडकीत जाऊन बसलेला असायचा. जाड, कडक, लांबट चौकोनी डबा. आत दोन भिंती घालून झालेले तीन खण. बाहेरून पिवळा नाहीतर निळा रंग, आणि हाताशी वेळ असेल तर त्यावर पांढरे ठिपके. एका खणात पुदिना, दुसऱ्यात कोथिंबीर, तिसऱ्यात टोमॅटोचं वीतभर रोप. "पहिला टोमॅटो लाल होईल तेव्हा बाळ पालथं पडेल बघ," असं ती प्रत्येक आईला सांगायची आणि बहुतेक वेळा ते खरंही ठरायचं, कारण बाळं साधारण त्याच सुमाराला पालथी पडतात. पण श्रेय मावशीला मिळायचं आणि मावशी ते घ्यायची.

ती मुळात कुणाची मावशी, हे आता कुणालाच आठवत नव्हतं. खिडकीशी शिलाई मशीन टाकून ती लोकांचे कपडे आखूड करायची, सैल करायची, चेन बदलून द्यायची आणि मशीन चालवता चालवता गल्लीतल्या येणाऱ्याजाणाऱ्याची हजेरी घ्यायची. जीभ कातरीसारखी चालायची, पण मन मोठं. निदान तिचा स्वतःचा तसा समज होता आणि एवढ्या वर्षांत कुणी तो खोडून काढला नव्हता.

डबे आणतेस कुठून, असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "आहे माझं एक दुकान. मालक फार उदार आहे."

दुकान म्हणजे नाल्यापलीकडचा बॅटऱ्यांचा कारखाना. तो बंद पडला तेव्हा मावशीचा मुलगा अर्ध्या चड्डीत होता. आता तो लांब पल्ल्याचे ट्रक चालवत होता आणि त्याला भिंगरी नावाने हाक मारावी अशी, एका जागी न बसणारी मुलगी होती. एवढ्या काळात कारखान्याचं छप्पर गेलं, दारं गेली, मागच्या भिंतीला खिंडार पडलं. खिंडारातून आत गेलं की समोरच बॅटऱ्यांच्या रिकाम्या खोक्यांचा ढीग होता. मालक तो तसाच टाकून गेले होते. मावशी ढकलगाडी घेऊन भरदुपारी जायची, हवी तेवढी खोकी उचलायची आणि मान वर करून परत यायची. तिचा नवरा त्याच कारखान्यात शिसं ओतायच्या विभागात होता. शेवटी शेवटी त्याला हातात कप धरवत नव्हता. तो गेला तेव्हा कारखान्याकडून एक माणूस आला, पाणी पिऊन गेला. तेव्हापासून मावशीचं म्हणणं साधं होतं: तुम्ही माझा माणूस नेलात, मी तुमची खोकी नेते. यात चोरी कुठे आली?

घरी आणलेलं खोकं ती अंगणात उन्हात ठेवायची. तळाला चिकटलेली राखाडी पापडी जुन्या चमच्याने खरवडून काढायची, साबणाने घासायची, तापलेल्या सळईने बुडाला भोकं पाडायची, मग रंग. माती मात्र नदीकाठची, चाळून घेतलेली. मातीच्या बाबतीत ती कुणाच्या बापाचं ऐकत नसे. कारखान्याच्या मैदानातली चिमूटभर माती तिने उंबऱ्याच्या आत येऊ दिली नसती; नवऱ्याचे कामाचे कपडेसुद्धा ती दाराबाहेर उतरवून घ्यायची आणि वेगळे धुवायची. विष त्या जमिनीत होतं, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. खोकं काय, खोकं. इतक्या वर्षांच्या पावसाने आतून बाहेरून धुऊन निघालेलं.

त्या जमिनीवर घरं बांधायची ठरली, तेव्हा विरोधाला सगळ्यात आधी उभी राहिली ती मावशीच. नव्या कंपनीचा बेत असा होता की मैदानावर हातभर चांगली माती पसरायची, वर काँक्रीट घालायचं, त्यावर इमारती उभ्या करायच्या आणि मधे मुलांसाठी बाग. लोकांची मागणी होती की आधी सगळी विषारी माती उकरून न्या, मग काय बांधायचं ते बांधा. वस्तीतल्या वकीलबाईंनी समिती केली, अर्ज केले, कायदे काढले. पण सभा जिंकायची ती मावशी. "घाणीवर चादर टाकली म्हणजे काय अंथरूण झालं?" असं तिने पहिल्याच सभेत विचारलं आणि ते वाक्य दुसऱ्या दिवशी रिक्षांच्या पाठीवर दिसायला लागलं.

समितीच्या टेबलावर शोभेला मावशीचाच एक डबा असायचा. पिवळा.

आरोग्य खात्याने शाळेत येऊन मुलांचं रक्त तपासायला नेलं, तेही समितीने पाठपुरावा केला म्हणून. निकाल घेऊन वकीलबाई स्वतः मावशीकडे आल्या. स्टुलावर बसल्या आणि बराच वेळ पर्सचा पट्टाच नीट करत राहिल्या.

"बोला की," मावशी म्हणाली. "काय झालं? कोर्टात बरी जीभ चालते तुमची."

"मावशी, काही मुलांच्या रक्तात शिसं निघालंय. आपल्याला शंका होतीच." त्या थांबल्या. "सगळ्यात जास्त आपल्या भिंगरीच्या."

मशीनचं चाक मावशीच्या हाताखाली तसंच अडकून राहिलं. गेले काही महिने भिंगरी पोट दुखतं म्हणत होती. येत असलेले शब्द विसरत होती. परवा तिला 'खिडकी' आठवली नव्हती आणि ती 'ते उजेडाचं' म्हणाली होती. सगळे हसले होते. मावशी सगळ्यात मोठ्याने हसली होती.

"डॉक्टर म्हणतात, घाबरायचं नाही," वकीलबाई घाईने म्हणाल्या. "पण शिसं कुठून येतंय ते सापडून थांबलं पाहिजे. ते थांबलं नाही तर औषधाचा उपयोग नाही."

"कुठून येतंय म्हणजे? तिथून येतंय!" मावशीने खिडकीबाहेर नाल्याकडे बोट केलं. तिच्या अंगाची लाही लाही झाली होती. "आधी नवरा खाल्ला मेल्यांनी. आता नात."

बॅनरची कल्पना तिचीच. भिंगरीचा फोटो, हसताना, पुढचा दात पडलेला, आणि खाली मोठ्या अक्षरांत मावशीने स्वतः सांगितलेली ओळ: "हिच्या रक्तात शिसं कुणी घातलं?" सुनेला ते फारसं आवडलं नव्हतं. ती बेकरीत पहाटेपासून कामाला असायची, दमून यायची, वाद घालायची नाही. एवढंच म्हणाली, "आई, तिचा फोटो कशाला?" मावशी म्हणाली, "लोकांना चेहरा दिसला पाहिजे." बॅनर लागला. येणारेजाणारे थांबून बघायचे, हळहळायचे, आणि मावशीला त्या हळहळीत, खोटं कशाला बोला, थोडा मानही वाटायचा.

बांधकामाच्या परवानगीवरच्या सरकारी सुनावणीच्या आधी कंपनीने समितीतल्या लोकांना जागा दाखवायला बोलावलं. कंपनीचा इंजिनियर तरुण होता, नम्र होता, माणसाला चिडायला जागाच ठेवायचा नाही. त्याने सगळ्यांना बुटांवर घालायच्या पिशव्या दिल्या, तोंडाला लावायला मास्क दिले.

"आजी, सांभाळून या, इथे खड्डा आहे."

"आजी मी एकीचीच आहे," मावशी म्हणाली. "तुमची नाही."

वकीलबाई मास्कमधल्या मास्कमध्ये हसल्या. इंजिनियरही हसला. मैदानभर फिरवत, हातातलं पिस्तुलासारखं यंत्र जमिनीवर रोखत तो आकडे सांगत होता आणि वकीलबाई भांडत होत्या. मावशीही भांडत होती. मागच्या भिंतीशी येईपर्यंत ती चांगली रंगात आली होती.

खोक्यांच्या ढिगाभोवती लाल-पांढरी पट्टी बांधलेली होती.

"ही सगळ्यात वाईट जागा," इंजिनियर म्हणाला. "जमिनीपेक्षाही ही खोकी वाईट. आत ती राखाडी पापडी दिसते ना? ते जवळजवळ निव्वळ शिसं आहे. पावसाने ते जात नाही. घासलं, खरवडलं की उलट भुकटी उडते, आणि ती लहान मुलांच्या हातातून सरळ पोटात. हा ढीग आम्ही सगळ्यात आधी हलवणार आहोत." त्याने यंत्र एका बाजूला रोखलं. "आणि हे बघा, या बाजूने ढीग कोरल्यासारखा झालाय. कुणीतरी उचलून नेतंय. भंगारवाले असणार. ज्याच्या घरी ही खोकी असतील त्याचं कठीण आहे."

"भिंत उघडी टाकायची तुम्ही आणि नाव भंगारवाल्यांचं?" वकीलबाई कडाडल्या. "मावशी, ऐकताय ना?"

मावशी ऐकत होती. तिला खिंडाराच्या फुटक्या कडेवर टाकलेली गादी दिसत होती. जुन्या जीन्सचा पाय कापून, आत चिंध्या भरून शिवलेली. आतबाहेर करताना कपडे फाटू नयेत म्हणून. कडेने दुहेरी टीप. अशी टीप वस्तीत दुसरं कुणी घालत नव्हतं. ती चार पावलं सरकली आणि त्या गादीच्या पुढे, पाठ करून, उभी राहिली. जागा बघणं संपेपर्यंत ती तिथून हलली नाही. दमल्या असतील, असं वकीलबाईंना वाटलं.

घरी येताना ती भराभर चालत होती. अजून ती स्वतःची समजूत घालत होती. तो पोरगा कंपनीचा. पगार घेतो तसं बोलणारच. शिवाय आपण साबणाने घासतो, दोनदा घासतो. अंगणाचं फाटक उघडलं तेव्हा भिंगरी नेहमीच्या जागी बसली होती, कालच आणलेल्या खोक्याशेजारी. हातात मावशीचा तोच जुना चमचा. खोक्याच्या तळाची पापडी खरवडून तिने बाहुलीच्या कपात भरली होती, त्यात थुंकीने बोट ओलं करून ढवळत होती.

"आजी, चहा घे," ती म्हणाली. "मी चाखलाय. चांगला झालाय."

मावशीने कप उडवला. भिंगरीला बखोटीला धरून नळाखाली नेलं आणि हात, तोंड, नखं, जीभसुद्धा घासली, इतकी की पोर किंचाळायला लागली. "आजी, मी नाही सांडलं! मी नाही सांडलं!" असं ती पुन्हा पुन्हा ओरडत होती आणि मावशी घासतच होती.

सून आली तेव्हा अंगण धुतलेलं होतं, घरातले डबे पोत्यात बांधून मागे टाकलेले होते आणि भिंगरी रडून झोपलेली होती.

"माती खात होती," मावशीने सांगितलं. "म्हणून रागावले."

"बरं केलंत," सून म्हणाली. तिच्या केसांत पीठ होतं. ती खाली बसली, चपला काढल्या आणि डोळे मिटून म्हणाली, "आई, तुम्ही आहात म्हणून मी निश्चिंत कामावर जाते. नाहीतर कुणाच्या भरवशावर टाकलं असतं हिला?"

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. तोंडाशी आलं होतं. मावशीने ते गिळलं.

का गिळलं, याची कारणं तिच्याजवळ होती आणि ती पुढचे सगळे दिवस स्वतःला तीच ऐकवत राहिली. आपण बोललो तर कंपनीला आयतंच कोलीत मिळेल. बघा, म्हणतील, दोष जमिनीचा नाही, एका म्हातारीच्या डब्यांचा आहे. मग हातभर माती टाकतील, इमारती बांधतील, आणि उद्या शंभर घरांतली पोरं त्या विषावर झोके घेतील. कारण खोटं नव्हतं. पण ते दुसरं कारण होतं. पहिलं कारण सुनेचे ते मिटलेले डोळे होते.

मग तिने गुपचूप डबे परत गोळा करायला सुरुवात केली. मधल्या मधे निस्तरता आलं तर बरं, अशी आशा होती. दारोदार जाऊन ती सांगायची, रोपांना कीड लागलीय, पसरेल, डबा परत द्या. ज्यांची मुलं मोठी झाली होती त्यांनी दिले. पण गल्लीला थट्टेला विषय मिळाला. "मावशी, आता शिवलेले कपडेही परत नेणार का?" न्हाव्याने दुकानातून विचारलं. मावशीने त्याला नेहमीसारखं सुनावलं नाही, तेव्हा तो जरा दचकला.

जुळ्यांची आई मात्र ऐकेना. गल्लीतली सगळ्यात नवी आई तीच; पंधरवड्यापूर्वीच तिच्या एका मुलाला दात यायला लागला होता. निळा, पांढऱ्या ठिपक्यांचा डबा तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत होता. मावशीने मोठ्या हौसेने रंगवलेला.

"कुठे आहे कीड? दाखवा मला," ती हसत म्हणाली. "बघा, कसा फोफावलाय. मी रोज त्याच पुदिन्याचं पाणी पिते. तुम्हीच म्हणाला होतात ना, पाजणाऱ्या आईला चांगलं."

"मी म्हणाले होते," मावशी म्हणाली.

"मग? आणि यांचा टोमॅटो अजून लाल व्हायचाय. पोरं पालथी पडून रांगायला लागली, हा आळशीच राहिलाय."

मावशीने दोन्ही हातांनी डबा धरला. जुळ्यांच्या आईनेही धरला, अजून हसतच. तिला वाटलं, मावशी थट्टा करतेय. क्षणभर दोघी तशाच उभ्या राहिल्या. सांग, मावशीच्या आत कुणीतरी ओरडत होतं, सांग भवाने, सांग. जमिनीवर चटईवर दोन्ही पोरं होती आणि एक तिच्याकडे बघून लाळेचे बुडबुडे काढत होतं.

"कोवळी पानं तोडू नकोस एवढ्यात," मावशी म्हणाली. "कडू लागतात." आणि डबा सोडून निघून आली. इतकं खोटं आणि इतकं कुचकामी ती जन्मात बोलली नव्हती.

सुनावणी शाळेच्या हॉलमध्ये होती. खात्याचे अधिकारी मधे, एका बाजूला कंपनी, दुसऱ्या बाजूला समिती, आणि समोर सगळी वस्ती, खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून खिडक्यांतसुद्धा. पाठीमागच्या भिंतीवर बॅनर ताणून लावलेला. भिंगरीचा पडका दात प्रत्येकाच्या डोक्यावर हसत होता. अधिकाऱ्यांच्या टेबलावर, पाण्याच्या बाटल्यांच्या शेजारी, निळा, पांढऱ्या ठिपक्यांचा डबा होता. जुळ्यांच्या आईने कौतुकाने आणून ठेवला होता. समितीचा पिवळा डबा मावशीने मधल्या काळात गायब केला होता ना, म्हणून.

इंजिनियर उठला. आवाज न चढवता त्याने नकाशा दाखवला.

"मला एकच गोष्ट समजत नाही. कारखान्याला लागून जी गल्ली आहे, तिथल्या मुलांच्या रक्तात शिसं कमी आहे. वरच्या गल्लीत, इतक्या लांब, ते जास्त आहे. जमिनीतून येत असतं तर उलट व्हायला हवं होतं. या मुलांना शिसं दुसरीकडून कुठून तरी मिळतंय. ते आधी शोधा. आमच्यासाठी नाही, मुलांसाठी म्हणतोय मी."

हॉलमध्ये एकच गलका झाला. कुणी शिट्टी मारली, कुणी 'बसा खाली' म्हणून ओरडलं. वकीलबाईंनी हात वर करून लोकांना शांत केलं आणि वळून म्हणाल्या, "याला उत्तर आमच्या मावशी देतील. त्यांची नात आहे ही." त्यांनी बॅनरकडे बोट केलं.

टाळ्या पडल्या. मावशी माइकपाशी गेली. बोलायचं काय ते वकीलबाईंनी नीट पढवलं होतं: वारा, धूळ, नाल्याचं पाणी. तेवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. लोक तिच्या बाजूचे होते, अधिकारीही मान झुकवून ऐकायला तयार बसले होते. पण पहिल्या रांगेत जुळ्यांची आई बसली होती. दात येणारं पोर किरकिरत होतं, म्हणून तिने पुढे वाकून टेबलावरच्या डब्यातली पुदिन्याची काडी खुडली आणि त्याच्या मुठीत दिली. पोराने ती सरळ तोंडात घातली.

"काढ ती!" मावशी माइकमध्ये ओरडली. "तोंडातून काढ त्याच्या!"

जुळ्यांची आई भांबावून बघत राहिली.

"तो डबा बॅटरीचा आहे," मावशी म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "रंग मी दिलाय, पण डबा बॅटरीचा. कारखान्याच्या मागच्या ढिगातला. सगळेच तिथले. मी आणले. वरच्या गल्लीत ज्या ज्या घरी बाळ झालं, त्या त्या घरी मी नेऊन ठेवले." ती थांबली. मागे वळून तिने बॅनरकडे बघितलं. ती ओळ वाचली, जणू पहिल्यांदाच. "इथे विचारलंय ना, कुणी घातलं? मी घातलं. खरवडलं मी, भुकटी उडवली मी, तिच्या शेजारी बसून. मला माहीत नव्हतं. पण या माणसांनी ढीग दाखवला त्या दिवसापासून माहीत आहे, आणि तरी मी तुमच्या दारात येऊन कीड म्हणाले. ते मात्र मला माहीत असताना म्हणाले."

जुळ्यांच्या आईने पोराच्या तोंडात बोट घातलं आणि काडी काढली. मग पुन्हा बोट घातलं, उरलेल्या पानासाठी. पोर रडायला लागलं.

दारात सून उभी होती. बेकरीतून तशीच आली होती, ॲप्रन अंगावर. मावशीने तिच्याकडे पाहिलं तेव्हा ती वळत होती.

यानंतर जे झालं ते कुणाला वाटलं होतं तसं झालं नाही. अधिकाऱ्यांनी इंजिनियरला विचारलं, भिंत कधीपासून पडलेली आहे, आणि कंपनीने जागा घेतल्यावर ती का बांधली नाही. इंजिनियर प्रथमच अडखळला. कारखान्याची खोकी ती कुणाच्या खिडकीत असली तरी कारखान्याचीच घाण, असं अधिकारी म्हणाले. काम तूर्त बंद, मैदान तपासायचंच, आणि आता घरंही, अंगणंही. वकीलबाई बाहेर व्हरांड्यात मावशीजवळ आल्या. "खरं म्हणजे आपली बाजू भक्कम झाली," त्या म्हणाल्या, पण बघत होत्या दुसरीकडे. "मावशी, माझ्या बाल्कनीत जो आहे... माझा नातू त्यातला टोमॅटो तसाच खातो. न धुता." मग त्या घाईने निघून गेल्या. धुतल्याने काही फरक पडला नसता, हे मावशीने सांगितलं नाही.

खात्याची गाडी सकाळी येणार होती. डबे हातमोजे घालून बाहेर काढा, एकाच जागी ठेवा, असा निरोप होता. जागा कुणी ठरवली कोण जाणे, कदाचित ठरवावी लागलीच नसेल. संध्याकाळी मावशी पायरीवर बसली होती तेव्हा पहिला डबा आला. न्हावी होता, हातांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधलेला. त्याने फाटकाशी डबा ठेवला आणि परत गेला. मग दुसरं कुणीतरी. मग रांगच लागली. पिवळे, निळे, काही इतके जुने की रंग उडून काळं अंग दिसायला लागलेलं. काहींत झाडं तशीच डोलत होती. शिव्या दिल्या असत्या तर मावशीने आनंदाने खाल्ल्या असत्या. कुणी दिल्या नाहीत. कुणी तिच्याकडे बघतही नव्हतं. तिला प्रत्येक डबा ओळखू येत होता, कोणत्या बाळाचा कोणता, आणि ती बाळं आता केवढाली झाली होती तेही.

सगळ्यात शेवटी जुळ्यांची आई आली. पोरं दवाखान्यात होती, रक्त तपासायला, बापाजवळ. तिने निळा डबा बाकीच्यांच्या वर ठेवला आणि क्षणभर उभी राहिली.

"लाल झाला, मावशी," ती म्हणाली. खरंच झाला होता. ती गेली.

पाठीमागे खिडकी उघडली. सून दुपारपासून आत बॅगा भरत होती. माहेरी जाणार होती, भिंगरीला घेऊन. भिंगरी मशीनच्या स्टुलावर चढून बाहेर बघत होती. फाटकापासून पायरीपर्यंत रचलेले ते सगळे रंगीत डबे बघून तिचे डोळे मोठे झाले.

"आजी! एवढे सगळे डबे आपल्याला?" ती टाळ्या पिटत ओरडली. "आपल्याकडे बाळ आलं?"

सुनेने मागून येऊन भिंगरीला उचललं आणि खिडकी लावून घेतली. काचेआड भिंगरी अजून तेच विचारत होती. आवाज येत नव्हता, नुसते ओठ हलताना दिसत होते.